स्पीच थेरपीत पुढे शिकायचंय? आधी हे तपासा

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत: स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली स्पीच थेरपी, आणि त्यातलं पदव्युत्तर शिक्षण. प्रश्न वेगवेगळे असले तरी बऱ्याच जणांचं एकाच ठिकाणी अडतं. पदवीच्या नावाकडे सगळे बघतात. तिला मान्यता कोणाची आहे आणि रुग्णांबरोबरचे तास कोणाच्या सहीने मोजले जाणार, हे मात्र फी भरून झाल्यावर विचारलं जातं. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : बीएएसएलपी या वाचा-श्रवणाच्या पदवीची इंटर्नशिप चालू आहे. एम.एस्सी.साठी काय लागतं? घरच्या परिस्थितीमुळे मुंबई परिसरातच राहायचं आहे. – विद्यार्थिनी, कळवा

मूळ अट सोपी आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने (यापुढे आरसीआय म्हणू) मान्य केलेल्या संस्थेतून बीएएसएलपी किंवा जुनी बी.एस्सी. (स्पीच अँड हिअरिंग) झालेली हवी आणि इंटर्नशिप पूर्ण हवी. गुणांची अट साधारण ५५ टक्क्यांची असते. आरक्षित प्रवर्गांना सवलत मिळते, पण ती किती हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा. अभ्यासक्रम २ वर्षांचा, ४ सत्रांचा आणि पूर्णवेळ असतो.

पदव्युत्तर पातळीवर ऑडिओलॉजी (श्रवणाची तपासणी आणि उपचार) आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी अशा दोन वाटा होतात. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत दोन्हींच्या स्वतंत्र एम.एस्सी. आहेत. आपल्याकडे जुन्या प्रमाणपत्रांवर एमएएसएलपी ही एकत्र पदवीही दिसते. त्यामुळे फॉर्म भरताना अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव वाचा. दोन संस्थांच्या जाहिराती शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो.

मुंबईत राहायचं तर दोन ठिकाणं आधी बघावीत. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातलं ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपी विद्यालय १९६६ पासून चालू आहे. देशात या विषयाचं शिक्षण जिथे सुरू झालं त्या पहिल्या जागांपैकी ते एक. दुसरी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, स्थापना १९८३. राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशांबरोबर 'एम.एस्सी. (ए अँड एसएलपी)' असं तिचं नाव यादीत असतं. अली यावर जंग आणि म्हैसूरच्या संस्थेच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर वेगळ्या येतात, त्यावर स्वतंत्र लक्ष ठेवा. पुण्याच्या भारती विद्यापीठातही हे शिक्षण आहे, पण ते अभिमत विद्यापीठ असल्याने फीचं गणित वेगळं बसतं.

आता कुठे चुकतं ते सांगतो. पहिली चूक अभ्यासातली. 'मला स्पीचच घ्यायचंय' म्हणून ऑडिओलॉजी बाजूला ठेवली जाते. प्रवेश परीक्षा मात्र अख्ख्या बीएएसएलपीवर असते. मास्किंग, इमिटन्स, बेरा हे श्रवणतपासणीचे भाग आणि श्रवणयंत्राची निवड हे विषय स्पीचवाल्यांचे गुण खातात. स्पीचच्या बाजूला अफेजिया (मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडणं), मोटर स्पीच (बोलण्याच्या हालचालींचे विकार), गिळण्याचे विकार आणि संख्याशास्त्र हे भाग पुन्हा पुन्हा करा. संख्याशास्त्र पहिल्या वर्षी पास होऊन जे विसरलं जातं ते थेट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आठवतं.

दुसरी अडचण तारखांची. इंटर्नशिप कोणत्या तारखेपर्यंत संपलेली हवी हे पुस्तिकेत दिलेलं असतं. रजा जास्त झाल्या किंवा एखाद्या सत्रात एटीकेटी लागून तुकडी मागे पडली, तर इंटर्नशिप पुढे सरकते आणि चांगला क्रमांक असूनही वर्ष जातं. आजच विभागप्रमुखांकडून अपेक्षित समाप्तीची तारीख लेखी घ्या.

तिसरी कागदपत्रांची. ओबीसी प्रवर्गातून अर्ज करत असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू वर्षाचं नॉन-क्रिमिलेयर दोन्ही हाताशी हवीत. नॉन-क्रिमिलेयर सेतूतून मिळतं. वैधता प्रमाणपत्राला मात्र समितीकडे महिने लागू शकतात, आणि पडताळणीच्या दिवशी फक्त पावती दाखवून चालेलच असं नाही. अर्ज अजून केला नसेल तर सीईटीचा फॉर्म निघायची वाट बघू नका.

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. आहे, शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. मला थेट स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या एम.एस्सी.ला बसता येईल का? – वाचक, ऐरोली

भारतात नाही. मानसशास्त्र, भाषाशास्त्र किंवा विशेष शिक्षणातली बी.एड., यातली कोणतीही पदवी एम.एस्सी.चं दार उघडत नाही. आधी बीएएसएलपीच लागते. ती ४ वर्षांची: ३ वर्षं शिक्षण आणि १ वर्ष इंटर्नशिप. तिला बारावी विज्ञान लागतं, आणि महाराष्ट्राच्या सीईटी कक्षामार्फत होणारे बीएएसएलपीचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. तुमची बारावी कला शाखेची असेल तर ही वाट बंद समजा. पत्रात शाखा लिहिलेली नाही म्हणून स्पष्ट सांगतो आहोत, उगाच आशा लावून ठेवत नाही.

डीएचएलएस ही श्रवण, भाषा आणि वाचा या विषयांतली एक वर्षाची पदविका आहे. ती घेतलेली व्यक्ती सहायक म्हणून काम करते. तिच्यावरून एम.एस्सी. होत नाही.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे पदव्युत्तर हीच पहिली व्यावसायिक पदवी. त्यामुळे अनेक विद्यापीठं दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांनाही घेतात, मात्र पूर्वतयारीचे विषय आधी पूर्ण करून या, असं सांगतात. ध्वनिशास्त्र, वाचा आणि श्रवणाची शरीररचना, भाषाविकास, ऑडिओलॉजीची ओळख, वाचाविज्ञान आणि बहुतेक ठिकाणी मज्जासंस्था, असे हे विषय. त्यात एक वर्षाच्या आसपास जातं. आपली ३ वर्षांची पदवी तिथल्या ४ वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल का, हा आणखी एक प्रश्न. एम.ए. जोडल्यामुळे तुमची वर्षं ५ होतात, ही तुमच्या जमेची बाजू. तरी प्रत्येक विद्यापीठाला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या.

सध्याच्या नोकरीत राहून मुलांसाठीच काम वाढवायचं असेल तर विशेष शिक्षण हा तुमच्यासाठी जवळचा रस्ता आहे. त्या पदवीचीही आरसीआयकडे नोंदणी होते आणि शाळांना अशा शिक्षकांची फार गरज आहे.

प्रश्न : मुलगी बीएएसएलपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेत मास्टर्स करायचं म्हणते. आम्हाला यातलं काही कळत नाही. प्रवेशाच्या आणि पदवीच्या नेमक्या अटी काय? – पालक, घोडबंदर रोड, ठाणे

शेवटापासून उलट मोजलं की हा विषय सोपा होतो. तिथे काम करायला राज्याचा परवाना लागतो आणि बहुतेक नोकऱ्यांना 'आशा' या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेचं सीसीसी-एसएलपी हे प्रमाणपत्र हवं असतं. त्या प्रमाणपत्राच्या अटी बघून विद्यापीठ निवडायचं.

पहिली अट, अभ्यासक्रमाला सीएए या मान्यता मंडळाची मान्यता हवी. विद्यापीठ कितीही नावाजलेलं असलं तरी त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचं नाव सीएएच्या यादीत शोधायचं. तिथे ऑडिओलॉजी हा वेगळा व्यवसाय आहे आणि त्याला एयूडी ही डॉक्टरेट लागते. इथे बीएएसएलपीने दोन्ही कामं करता येतात, तिथे सुरुवातीलाच एक निवडावं लागतं.

दुसरी अट तासांची. एकूण ४०० तास लागतात. त्यातले २५ निरीक्षणाचे आणि ३७५ प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे. ४०० पैकी किमान ३२५ पदव्युत्तर शिक्षण चालू असतानाच व्हायला हवेत. पालकांचा इथे गैरसमज होतो. मुलीने इथे शेकडो तास काम केलेलं असतं, ते मोजले जातील असं वाटतं. पण तास मोजायला देखरेख करणाऱ्याकडे सीसीसी-एसएलपी असावं लागतं. आपल्या रुग्णालयांतल्या पर्यवेक्षकांकडे ते सहसा नसतं. इथला अनुभव अर्जात आणि मुलाखतीत वजनदार ठरतो, पण ४०० च्या हिशोबात तो धरू नका. २५ निरीक्षण तास काही विद्यापीठं प्रवेशाआधीच मागतात. ते प्रमाणपत्रधारकाच्या मार्गदर्शनाखालीच हवेत का, हे विचारून मगच पैसे खर्च करा.

नोंदही मिनिटांत ठेवायची सवय आत्ताच लागू द्या. ४५ मिनिटांचं सत्र म्हणजे पाऊण तास, एक तास नाही. रुग्णाची किंवा घरच्यांची माहिती घेणं, तपासणी, उपचार, समुपदेशन हे धरलं जातं. अहवाल लिहिणं, तक्ते तयार करणं, चाचणीचे गुण मोजणं यांचा वेळ धरला जात नाही. वहीतली एक ओळ अशी दिसावी: तारीख, केस क्रमांक (नाव नको), वय, विकार, तपासणी की उपचार, मिनिटं, पर्यवेक्षकाची सही आणि त्यांचा नोंदणी क्रमांक. महिन्याच्या शेवटी एकदम सह्या घेतल्या की दोन-चार ओळी सुटतात आणि पर्यवेक्षक बदलून गेले की त्या कायमच्या जातात.

तिसरी अट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. आशाला चार मूलभूत विषय हवेत: जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि सामाजिक किंवा वर्तनशास्त्र. हे महाविद्यालयीन पातळीवरचे हवेत, बारावीचं भौतिकशास्त्र सहसा चालत नाही. बीएएसएलपीतला ध्वनी-भौतिकी हा वाचा-श्रवणाशी जोडलेला विषय म्हणून बाजूला पडू शकतो. या क्षेत्रातली संशोधनपद्धती संख्याशास्त्राच्या जागी चालत नाही, हे तर नियमातच लिहिलेलं आहे. म्हणून गुणपत्रिकेबरोबर प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवा. कोणता विषय कशात धरायचा हे त्या पानांवरून ठरतं. कमी पडलेला विषय तिथे गेल्यावर उन्हाळी सत्रात घेता येतो, पण त्याची फी वेगळी.

पदवीच्या दोन वर्षांत नऊ क्षेत्रं पुरी करावी लागतात: उच्चार, अडखळणं, आवाज आणि अनुनाद, भाषा (समजणं आणि मांडणं), श्रवण, गिळणं आणि भरवणं, आकलनक्षमता, सामाजिक संवाद, आणि बोलण्याला पर्यायी साधनं. गिळण्याच्या विकारांवर तिथे भर असतो. ज्या मुलींनी इथे फक्त बालरुग्ण विभागात काम केलेलं असतं त्यांची तिथे दमछाक होते. तिसऱ्या वर्षातच पक्षाघाताच्या रुग्णांच्या फेऱ्यांना उभं राहता आलं तर राहावं.

त्यानंतर प्रमाणपत्रासाठीची प्रॅक्सिस परीक्षा. १३२ प्रश्न, १५० मिनिटं, १०० ते २०० च्या पट्टीवर १६२ गुणांना उत्तीर्ण. मग क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे मार्गदर्शकाच्या देखरेखीखालचं पहिलं काम: किमान ३६ आठवडे आणि १,२६० तास, आठवड्याला ३५ तास धरून. यातला ८० टक्के वेळ रुग्णांशी निगडित प्रत्यक्ष कामात जायला हवा. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाला १२ महिने मिळतात. ३६ आठवडे त्यात बसतात, पण राज्याचा तात्पुरता परवाना यायला दोन महिने गेले की श्वास घ्यायला जागा उरत नाही. परवान्याचा अर्ज पदवीप्रदानाच्या आधीच तयार हवा. पुढे कामाच्या व्हिसासाठी आरोग्यसेवकांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि शिक्षण अमेरिकेत झालं असलं तरी ते सुटत नाही.

आता अर्जाचं. बरीच विद्यापीठं सीएसडीकॅस या सामाईक प्रणालीतून अर्ज घेतात. शेवटच्या तारखा बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी. साधारण ३.० जीपीए आणि तीन शिफारसपत्रं मागतात. जीआरई अनेकांनी सोडून दिली आहे, सगळ्यांनी नाही. भारतीय गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठाकडून जावी लागते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय असेल तर तो अर्ज गणपतीच्या आधी टाका. त्या ट्रान्सक्रिप्टवर इंटर्नशिपचं वर्ष दिसतं का हे बघाच. ते दिसलं नाही तर पदवी ३ वर्षांचीच भासते.

आणि नाव. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव मध्ये आणि कुठे गायब. प्रत्येक कागदावर स्पेलिंग एक करून घ्या. ते सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त अर्ज त्यावरच रखडतात.

एक शेवटचं, पालक म्हणून. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांतल्या संघटनांचा परस्पर मान्यतेचा करार आहे. भारत त्यात नाही. म्हणून 'इथली एम.एस्सी. करून मग जाईन' हा बेत असेल, तर तिथे पुन्हा समकक्षता सिद्ध करावी लागेल हे धरून चला.

प्रश्न : एका खासगी केंद्राने 'एक वर्षाचा पीजी डिप्लोमा इन स्पीच थेरपी, कोणत्याही पदवीवर, ऑनलाइन' अशी जाहिरात दिली आहे. हा कोर्स चालेल का? – वाचक, नेरुळ

स्वतंत्र व्यवसायासाठी नाही. आरसीआय कायदा १९९२ सालचा. त्याच्या कलम १३ नुसार केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीने हा व्यवसाय केला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम लहान वाटेल, पण खरी किंमत ज्या मुलाचं बोलायचं वय निघून गेलं त्याच्या घरचे मोजतात.

तपासायला दहा मिनिटं लागतात. आरसीआयच्या संकेतस्थळावर राज्यवार मान्य संस्थांची यादी असते. त्यात संस्थेचं नाव आणि पत्ता दोन्ही जुळवा, कारण एकाच ट्रस्टची पाच केंद्रं असतात आणि मान्यता एकाला असते. अभ्यासक्रमाचं नाव शब्दशः जुळवा. मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आणि किती जागांना आहे तेही तिथेच दिसतं. 'मान्यता प्रक्रियेत आहे' याचा अर्थ मान्यता नाही. मग प्रत्यक्ष जाऊन ओपीडी बघा. ध्वनिरोधक खोली आहे का, सकाळच्या वेळेत बाकांवर रुग्ण आहेत का, शिकवणाऱ्यांचे नोंदणी क्रमांक सांगतात का. जिथे रुग्णच नाहीत तिथे कागदावरचे तास खोटे असणार.

प्रश्न : मी मराठी माध्यमातली, घरी आगरी बोलतो. बारावी विज्ञान झाली आहे. इंग्रजी कच्चं आहे म्हणून हे क्षेत्र सोडून दे, असं सगळे सांगतात. – विद्यार्थिनी, घणसोली

सोडू नका. पुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीत आहेत, ते कष्ट करावे लागतील. पण मुलाशी काम त्याच्या घरच्या भाषेत करायचं असतं, आणि ती तुमच्याकडे आहे.

याचा उपयोग कसा होतो ते बघा. घणसोलीतलं पाच वर्षांचं मूल चित्र बघून डोळ्याला 'डोला' आणि पाण्याला 'पानी' म्हणतं. प्रमाण मराठी धरून चाचणी घेणारा दोन्ही ठिकाणी चूक नोंदवेल. तुम्ही विचाराल, आजी काय म्हणते? आजी तेच म्हणत असेल तर तिथे उपचाराला काही नाही. तेच मूल काकाला 'ताता' आणि गाडीला 'दाडी' म्हणालं, तर ते कोणाच्याच घरात नसतं. जिभेच्या मागच्या भागाने काढायचा ध्वनी पुढे सरकला आहे, काम तिथे आहे. ही वेगळी निवड पुस्तकातून यायला वेळ लागतो. ठाणे-रायगडच्या पट्ट्यात हे कानाने ओळखणारे उपचारतज्ज्ञ फारच थोडे आहेत, म्हणून तुम्ही यावं असं मनापासून वाटतं.

तयारी म्हणून आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आत्ताच शिकायला घ्या. घरातल्या दहा जणांची दहा वाक्यं मोबाइलवर घेऊन त्या लिपीत उतरवा. पहिल्या सत्रात इंग्रजी माध्यमाची मुलंही इथेच अडखळतात, तुम्ही पुढे असाल. इंग्रजीसाठी शरीररचनेचं एकच पुस्तक धरा, रोज दोन पानं, प्रत्येक संज्ञा आकृतीवर बोट ठेवून.

प्रश्न : बीएएसएलपी झाली आहे. एम.एस्सी. करताना ठाण्यात संध्याकाळी प्रॅक्टिस करता येईल का? – वाचक, नौपाडा

कायद्याने, नोंदणी झालेली असेल तर बीएएसएलपीवर प्रॅक्टिस करता येते. संस्थेचा नियम मात्र वेगळा असू शकतो. पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि विद्यावेतन असेल तर बाहेरच्या कामाला बंदी घातलेली असते, प्रवेशाच्या वेळी सही करता त्या हमीपत्रात ते वाचा. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचं काम सुरू झालं की संध्याकाळ तशीही उरत नाही. मराठी बोलणाऱ्या मुलांवर काम करणार असाल तर नैतिक समितीची मंजुरी आणि शाळांची परवानगी तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच मागा. दिवाळी आणि परीक्षांच्या काळात शाळा आत येऊ देत नाहीत.

पदवी हातात आली की वाढीव पात्रता आरसीआयच्या नोंदवहीत चढवून घ्या, ती आपोआप चढत नाही. नोंदणीचं नूतनीकरण ५ वर्षांनी असतं आणि त्याला मान्य कार्यशाळांचे सीआरई (निरंतर शिक्षणाचे) गुण लागतात. प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा.